टपालाची तिसरी पेटी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हाला भूगोल शिकवायचे. संगीताशी त्यांचा संबंध म्हणाल तर सकाळी रेडिओवर भजनं लागायची, तेवढाच. त्यामुळे यंदाच्या पत्रिकेवर ‘मिसिसिपी जॉन हर्ट : एका ब्लूज गिटारवादकाचं आयुष्य’ हा विषय छापून आल्यावर मला दोन-तीन फोन आले. एकाने तर सरळच विचारलं, “सरांच्या व्याख्यानात गिटार कशाला घुसडतोस?” मी त्याला म्हटलं, ये आणि ऐक, विषय नकाशाचाच आहे.

सरांचा एक खेळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. भिंतीवर नकाशा टांगायचा, सरांनी गावाचं नाव घ्यायचं आणि आपण धावत जाऊन त्यावर बोट ठेवायचं. आमच्या वर्गात धरणाखाली गेलेल्या गावातला एक मुलगा होता. तो म्हणाला, “सर, माझं गाव नकाशात नाही.” सरांनी त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि नकाशावर टिंब काढायला लावलं. शाळेच्या मालमत्तेवर! ते टिंब पुढे कित्येक वर्षं तिथे होतं.

आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्यांचं गावही नकाशातून गेलं होतं. गाव पाण्याखाली गेलेलं नव्हतं, पण कुणाला त्याची दखल घ्यावीशी वाटत नव्हती, आणि ते परत सापडलं ते एका गाण्यामुळे. पण तिकडे नंतर येऊ.

मी संगीताचा अभ्यासक नाही, हे आधीच कबूल करतो. १९८०च्या दशकात मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गणपतीत, नवरात्रात, हळदीच्या कार्यक्रमात. आमची गिटार म्हणजे तोंडी लावायची चटणी. मधल्या जागा भरायच्या, गायकाच्या मागे कॉर्ड धरायच्या आणि एखाद्या गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा वाजवून टाळ्या घ्यायच्या. माझा एक आतेभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने कुठल्याशा बंदरातून आणलेली एक कॅसेट माझ्याकडे आली. कागद फाटलेला, नाव अर्धंच. टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि पहिल्या मिनिटाला माझं मत झालं की इथे दोन गिटारवादक आहेत. एक खालचा ठेका धरतोय, दुसरा चाल वाजवतोय, आणि एक म्हातारा कडेला बसून स्वतःशीच बोलावं तसं गातोय. ही तीन माणसं नाहीत, एकच आहे, आणि ते म्हणजे जॉन हर्ट, हे कळायला मला वर्ष लागलं. अशीच फसगत भल्याभल्यांची झाली म्हणतात. स्पॅनिश गिटारचे थोर वादक सेगोव्हिया यांनी रेकॉर्ड ऐकून ‘दुसरा वादक कोण?’ असं विचारल्याचा किस्सा फिरत असतो. मला तो बनावट वाटतो, पण माझ्या अब्रूसाठी मी तो सांगतो.

हे कसं होतं ते जरा जवळून पाहू. गिटारला सहा तारा. तीन जाड, खर्जाच्या. तीन बारीक. हर्ट यांच्या उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर एक-आड-एक पडत राहतो. या तारेवर, त्या तारेवर, परत या तारेवर. गाणं संपेपर्यंत हे थांबत नाही. तर्जनी आणि मधलं बोट बारीक तारांवर गाण्याची चाल काढतात, आणि गंमत अशी की चालीतले कितीतरी सूर अंगठ्याच्या ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडतात. उरलेली बोटं गिटारच्या पोटावर टेकलेली. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर अंगठा हा डग्गा. तो आपल्या नादात चाललाय, आणि चाट मात्र आडून बोलतेय.

ऐकायला अगदी सोपं वाटतं. बसून करून बघा. अंगठ्याचा स्वभाव असा की बोटं जिकडे जातील तिकडे तो मागे धावतो. बोटांनी चाल आडवी घेतली की अंगठाही आडवा होतो आणि ठेका कोलमडतो. या कलेतली खरी मेहनत अंगठ्याला बहिरं करण्याची आहे. बोटं काहीही बोलोत, त्याने ऐकायचं नाही. मी सहा महिने रोज रात्री एकच तुकडा घोळवत होतो. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, “तुमच्या मुलाची गिटार अडकली आहे का?”

असं वाजवण्याचं कारण साधं होतं. शनिवारी रात्री एखाद्याच्या घरातलं सामान बाहेर काढून खोली मोकळी करायची, आणि तिथे पहाटेपर्यंत नाच चालायचा. ढोल नाही, झांजा नाही, एक माणूस आणि एक गिटार. नाचणाऱ्यांचे पाय पडायला काहीतरी हवं. ते अंगठ्याने द्यायचं.

इथे एक खुलासा. आपण थोर कलावंतांना प्रेमाने एकेरीत हाक मारतो. तुकारामाला आपण ‘अहो’ म्हणत नाही. पण मी हर्ट यांना ‘अहो-जाहो’च करणार आहे. ज्या मुलखात ते सत्तर वर्षं राहिले तिथे गोरा माणूस काळ्या माणसाला ‘मिस्टर’ म्हणत नसे. तरुणाला ‘पोरा’ आणि म्हाताऱ्याला ‘अंकल’, एवढ्यावरच भागायचं. तेव्हा एवढं व्याख्यानभर तरी आपण मान देऊ.

तो मुलूख म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य, त्यातली कॅरल काउंटी. तिथे टिऑक नावाचं ठिकाण आहे. गुलामगिरीच्या काळात तिथे मॅककेन घराण्याची कापसाची मोठी शेती होती. सिनेटर जॉन मॅककेन यांचे खापरपणजोबा तिचे मालक. त्या टिऑकमध्ये हर्ट यांचा जन्म झाला. साल १८९२ की १८९३ यावर एकमत नाही. कापूस किती पिकला याचे हिशेब त्या मुलखात काटेकोर ठेवलेले सापडतात, काळ्या पोरांच्या जन्माचे नाही. लहानपणीच कुटुंब जवळच्या ॲव्हलॉन या वस्तीवर राहायला गेलं. एक दुकान, थोडी घरं, बाकी शेतं. एका बाजूला डोंगर सुरू होतात, दुसऱ्या बाजूला डेल्टाची सपाट काळी जमीन.

जॉन नऊ वर्षांचा असताना घरी एक पाहुणा गिटार घेऊन येत असे. त्या गिटारला हात लावायची परवानगी नव्हती. मग पाहुणा झोपला की पोराने ती हळूच घ्यायची आणि रात्री बोटं चालवून बघायची. शिक्षण म्हणायचं तर एवढंच. पुढे आईने दीड डॉलरला एक जुनी गिटार घेऊन दिली. तिचं नाव त्याने ठेवलं ‘ब्लॅक ॲनी’. हळू वाजवायची, आवाज न चढवता गायची जी लकब आयुष्यभर टिकली, तिचं मूळ मला त्या चोरून वाजवण्यात दिसतं. पाहुणा जागा होऊ नये! याला पुरावा काही नाही, माझा तर्क आहे.

शाळा लवकर सुटली. मग शेतमजुरी, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस, आणि तरुणपणी काही महिने रेल्वेच्या रुळांवर काम. तिथे मजुरांच्या टोळ्या एका लयीत पहारी लावून रूळ सरळ करायच्या आणि एक जण लय धरायला गाणी सांगायचा. त्यातलं एक गाणं हर्ट यांनी उचललं, त्याबद्दल शेवटी बोलेन. शनिवारची रात्र आणि सण नाचासाठी. नाच काळ्यांच्या घरी असे तसा गोऱ्यांच्या घरीही. विली नारमोर नावाचा गोरा फिडलवादक त्याच भागातला होता. त्याचा नेहमीचा गिटारवाला शेल स्मिथ आला नाही की तो हर्ट यांना बरोबर घ्यायचा. वाजवायला शेजारी शेजारी, जेवायला मात्र नाही.

हा नारमोर आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. फिडलच्या एका स्पर्धेत त्याला बक्षीस म्हणून ओके रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवण्याची संधी मिळाली. कंपनीचे टॉमी रॉकवेल त्याला भेटायला आले आणि त्यांनी विचारलं, इथे आणखी कुणी आहे का? नारमोरने हर्ट यांचं घर दाखवलं. ओके कंपनीने १९२० मध्ये मेमी स्मिथ यांचं ‘क्रेझी ब्लूज’ काढून काळ्या गिऱ्हाइकांची बाजारपेठ उघडली होती. तेव्हापासून कंपन्यांची यादी दोन कप्प्यांत चालायची. ‘रेस रेकॉर्ड’ म्हणजे काळ्यांसाठी, आणि गोऱ्या गावकऱ्यांसाठी ‘हिलबिली’ किंवा ‘ओल्ड टाइम’. एकाच वस्तीतले, एकाच नाचात वाजवणारे दोघे कंपनीच्या कागदावर दोन वेगळ्या जगांत गेले. हर्ट यांच्या नावामागे ‘मिसिसिपी’ही कंपनीनेच चिकटवलं, माल खपावा म्हणून.

१४ फेब्रुवारी १९२८, मेम्फिस. हर्ट यांनी पुढे या दिवसाचं वर्णन केलेलं आहे. मोठी खोली, आत ते, रॉकवेल आणि यंत्रावरचा माणूस, एवढेच. खुर्चीत बसवलं, मायक्रोफोन तोंडाशी आणला, योग्य जागा सापडल्यावर सांगितलं की आता डोकं हलवायचं नाही. नाचणाऱ्या पायांसमोर वाजवणाऱ्या माणसाला रिकाम्या खोलीत मान ताठ ठेवून गायला लावलं. मान पुढे कित्येक दिवस दुखत होती म्हणे. आठ गाणी नोंदवली, दोन बाजारात आली. तरी वर्षाअखेर न्यूयॉर्कहून पत्र आलं की आठवडाभर या, पसंत पडलेल्या प्रत्येक गाण्यामागे वीस डॉलर आणि येण्या-जाण्याचा खर्च.

न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण झालं २१ आणि २८ डिसेंबरला. म्हणजे मधला आठवडा, ऐन नाताळ, हा पस्तिशीतला शेतकरी त्या राक्षसी शहरात एकटा. लॉनी जॉन्सनसारखा नावाजलेला गिटारवादक तिथे भेटला, तो आधार. पण जीव रमेना. या मुक्कामात त्यांनी एक गाणं गायलं, ‘ॲव्हलॉन ब्लूज’. न्यूयॉर्कबद्दल तक्रार अशी नाही, पण आपलं गाव कोणतं आणि मन कुठे आहे ते त्यात नाव घेऊन सांगितलेलं. आपल्याकडे सासुरवाशीण जात्यावर माहेरचं नाव घेते तसं. ते तबकडीवर गेलं. म्हणजे त्यांनी स्वतःचा पत्ताच तबकडीवर कोरून ठेवला, पण हे कुणाच्या ध्यानात यायचं नव्हतं.

एकूण सहा तबकड्या निघाल्या, बारा बाजू. आणि मग १९२९ची मंदी. अमेरिकेत १९२७ मध्ये दहा कोटींच्या आसपास तबकड्या खपत होत्या, १९३२ पर्यंत तो आकडा साठेक लाखांवर आला. जेवायची भ्रांत तिथे पाऊण डॉलरची तबकडी कोण घेणार? हर्ट यांना पुन्हा बोलावणं आलं नाही.

पुढची पस्तीस वर्षं चरित्रकार भराभर उरकतात. मीही फार काही सांगू शकणार नाही, कारण शेती, गुरं, सरकारी रोजगार योजनेवरची कामं, बायको जेसी, मुलं, मग नातवंडं, रविवारी चर्च, याला ‘घटना’ म्हणत नाहीत. पण एक शब्द मला खटकतो. सगळीकडे लिहिलेलं असतं की हर्ट ‘विस्मृतीत गेले’ आणि १९६३ मध्ये त्यांचा ‘शोध लागला’. कुणाच्या विस्मृतीत? ॲव्हलॉनच्या दुकानात कुणालाही विचारलं असतं तर जॉन कुठे राहतो ते सांगितलं असतं. शोध लागला तो शोधणाऱ्याला. कोलंबसासारखंच हे.

मधल्या काळात शहरात काय चाललं होतं? १९५२ मध्ये हॅरी स्मिथ नावाच्या विक्षिप्त संग्राहकाने जुन्या तबकड्यांतली चौऱ्याऐंशी गाणी निवडून एक संच काढला, ‘ॲन्थॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’. त्यात हर्ट यांची दोन गाणी होती. स्मिथने कोण काळा, कोण गोरा हे मुद्दामच लिहिलं नाही, आणि परिणाम असा की कित्येकांनी वर्षानुवर्षं हर्ट यांना डोंगरातला गोरा गायक समजून ऐकलं. कंपनीचे दोन कप्पे एका झटक्यात निरुपयोगी ठरले! न्यूयॉर्क-बॉस्टनची कॉलेजातली मुलं ही गाणी पाठ करत होती. या जुन्या आवाजांची माणसं आता हयात असतील असं मात्र फार थोड्यांना वाटत होतं.

वॉशिंग्टनमध्ये टॉम हॉस्किन्स आणि डिक स्पॉट्सवुड हे असेच दोन तबकडीवेडे. त्यांच्या हाती ‘ॲव्हलॉन ब्लूज’ची टेपवर उतरवलेली प्रत आली. तोपर्यंत हे गाणं फारसं कुणाच्या कानावर नव्हतं. ॲव्हलॉन हे नाव ऐकल्यावर त्यांनी काय केलं? नकाशा काढला. नव्या नकाशात मिसिसिपीत असं गाव नव्हतं. मग १८७८चा जुना ॲटलास मिळाला, आणि त्यात ग्रीनवुड आणि ग्रेनेडा या दोन गावांच्या मध्ये ॲव्हलॉन होतं. सर असते तर इथे त्यांनी टेबलावर थाप मारली असती.

मार्च १९६३. हॉस्किन्स गाडी घेऊन निघाला. ॲव्हलॉनमध्ये रस्त्याकडेला स्टिन्सन यांचं दुकान. त्याने विचारलं, जॉन हर्ट नावाचे गाणारे इथे कधी होते का? दुकानातून उत्तर आलं की सरळ मैलभर जा, टेकडीवर टपालाची तिसरी पेटी. दुकानातली माणसं विचारात पडली नाहीत की त्यांना आश्चर्यही वाटलं नाही. तिकडच्या खेड्यांत पोस्टमन दारात येत नाही. घराच्या वाटेवर रस्त्याला लागून खांबावर एकेक पेटी असते. त्यातली तिसरी.

इथे मी थोडा थांबतो. हॉस्किन्सचं हे येणं सगळीकडे परीकथेसारखं सांगितलं जातं, आणि त्यात तारीख तेवढी गाळली जाते. फेब्रुवारी-मार्च १९६३ला ग्रीनवुड हे अमेरिकेतल्या सर्वांत धगधगत्या गावांपैकी एक होतं, आणि ते ॲव्हलॉनपासून पंधराएक मैलांवर. काळ्यांची मतदार नोंदणी करायला आलेली तरुण मंडळी तिथे मुक्काम करून होती. २८ फेब्रुवारीला त्यांच्यातल्या जिमी ट्रॅव्हिस या तरुणाच्या गाडीवर गावाबाहेर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच परिसरातल्या मनी या खेड्यात १९५५ मध्ये एमेट टिल हा चौदा वर्षांचा पोरगा शिकागोहून सुट्टीत आला, दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला असं म्हणत त्याला रात्री घरातून उचलून नेऊन मारला. अशा प्रदेशात, अशा महिन्यात, एक अनोळखी गोरा तरुण परराज्यातल्या गाडीतून उतरतो आणि सत्तरीच्या काळ्या गुराख्याला नावाने विचारतो. हर्ट यांना वाटलं हा एफबीआयचा माणूस. आपण तर काही वावगं केलेलं नाही, मग हा दारात का? आपल्याबरोबर वॉशिंग्टनला चला असं त्याने म्हटल्यावर हर्ट यांनी मनात केलेला हिशेब ते नंतर हसत सांगत. नाही म्हटलं तरी नेतीलच, त्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेलं बरं!

लोक या किस्स्यावर हसतात. मला हसू येत नाही.

घरात गिटार नव्हती. हॉस्किन्सने आपली पुढे केली. बोटं थोडी अडखळली असतील, पण अंगठा चालत होता. त्या दिवसांत घेतलेल्या टेप मी ऐकल्या आहेत. आवाज १९२८ पेक्षा खोल आणि सावकाश, पण ठेका तोच. इतक्या वर्षांत अंगठा विसरला नाही. बैलगाडीच्या रस्त्याने बैल घरी येतो तसा तो येतो.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने त्यांची गाणी आणि आठवणी नोंदवून घेतल्या. त्याच महिन्यात न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव, जिथे बॉब डिलन आणि जोन बाएझ यांच्याबरोबर शेवटी सगळ्यांनी हातात हात घालून नागरी हक्क चळवळीचं गाणं म्हटलं. त्या व्यासपीठावर तपकिरी फेल्ट हॅट घातलेले हे ठेंगणे आजोबा आले, खुर्चीवर बसले आणि पुढ्यातल्या चार-दोन शेजाऱ्यांसाठी गावं तसं हजारोंसाठी गायले. महोत्सवाच्या संस्थेने त्यांना गिटार घेऊन द्यायचं ठरवलं. न्यूयॉर्कच्या दुकानात हवी ती उचला म्हणाले. त्यांनी एक साधी गिल्ड कंपनीची गिटार निवडली. दीड डॉलरच्या ब्लॅक ॲनीवर शिकलेल्या माणसाने किमतीची चिठ्ठी कशाला पाहावी?

कुटुंबासह ते वॉशिंग्टनला राहायला गेले. कॉफीहाऊसांत गात, कॉलेजांत गात, कार्नेगी हॉलमध्ये गायले, जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात गायले. त्यांच्या एका कॉफीच्या गाण्यातले दोन शब्द उचलून एका तरुण बँडने स्वतःचं नाव ठेवलं, ‘लव्हिन स्पूनफुल’. टॉम पॅक्स्टन या गायकाने त्यांच्यावरच गाणं रचलं. तरुण पोरं पायाशी बसून अंगठा बघत आणि ते न कंटाळता परत परत दाखवत.

पैशाचं मात्र बोललंच पाहिजे, आपण मराठी माणसं ते टाळतो. हॉस्किन्स मंडळींनी केलेल्या करारात कमाईतला मोठा वाटा त्यांच्या कंपनीकडे जात होता. हॉस्किन्स मंडळींना हर्ट यांच्याबद्दल खरंच प्रेम होतं, यात मला शंका नाही. प्रेम आणि करार एकाच खिशात ठेवले की असं होतं. आपल्याकडच्या तमाशा-फडांच्या आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना मी वेगळं काय सांगू! हक्कांचे दावे हर्ट यांच्या मृत्यूनंतरही चालले. तरी सत्तरीपर्यंत गुरं राखणाऱ्या माणसाला ही शेवटची तीन वर्षं पूर्वीपेक्षा बरी गेली, हेही खरं.

हर्ट सापडले आणि शोधाची साथच आली. जॉन फेही हा गिटारवादक आणि त्याच्या मित्राने बुका व्हाइट यांचं ॲबरडीन या गावावरचं गाणं ऐकलं होतं. त्यांनी चक्क पत्र टाकलं, ‘बुका व्हाइट, जुने ब्लूज गायक, ॲबरडीन, मिसिसिपी’. ते हात बदलत बदलत मेम्फिसला बुकांपर्यंत पोहोचलं. पुन्हा गाणं म्हणजे पत्ता. जून १९६४ मध्ये सन हाऊस आणि स्किप जेम्स या दोघांचा माग एकाच आठवड्यात लागला. एक न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये, दुसरे मिसिसिपीतल्या टुनिकाच्या रुग्णालयात खाटेवर. आणि २१ जून १९६४ला, म्हणजे त्याच आठवड्यात, मिसिसिपीत मतदार नोंदणीचं काम करणारे चेनी, गुडमन आणि श्वर्नर हे तीन तरुण नाहीसे झाले. चव्वेचाळीस दिवसांनी त्यांची प्रेतं मातीच्या बंधाऱ्याखाली सापडली. त्या आठवड्यात परराज्यातल्या नंबरप्लेटच्या गाड्या घेऊन उत्तरेकडची दोन प्रकारची मुलं मिसिसिपीत फिरत होती. काही जण जुनी गाणी शोधत होते, काही जण मतदार. दारात उभ्या असलेल्या काळ्या माणसाला यातला कोण कोणता हे लांबून कसं कळावं?

आता त्या रुळांवरच्या गाण्याकडे वळतो. ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’. जॉन हेन्रीची कथा अमेरिकेत पोराटोरांना ठाऊक आहे. बोगदा खणणारा बलदंड काळा मजूर, हातोडा घेऊन वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि तिथेच मरून पडतो. बाकी सगळे गायक त्याचा पोवाडा गातात. हर्ट यांच्या गाण्यातला माणूस जॉन हेन्री नाहीच. तो मागे राहिलेला दुसरा एक मजूर आहे. त्या हातोड्याने जॉन हेन्रीला मारलं हे त्याला माहीत आहे, आणि तो ठरवतो की आपल्याला मारू द्यायचं नाही. हातोडा मुकादमाकडे परत पाठवून तो चालू लागतो. घोषणा नाही, आवाज चढलेला नाही, अंगठा आपल्या ठेक्याने चाललेला. १९२८च्या मिसिसिपीत, कंपनीच्या तबकडीवर, मजूर काम टाकून जातो आहे! कापसाच्या मालकांच्या मुलखात वाट्याने शेती करणारा माणूस हे गात होता, आणि गोड आवाजामुळे कुणाला त्यातला काटा टोचला नाही.

म्हणूनच हर्ट यांना ‘गोड आजोबा’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूजचा महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी बडी गाय आले होते, शिकागोच्या विजेच्या गिटारचे बादशहा. तो आवाज छातीवर आदळतो. तिथून परतताना माझ्याबरोबरचा तरुण मित्र म्हणाला, “हा खरा ब्लूज. तुझे ते म्हातारे अंगाईगीत गातात.” त्याचंही बरोबर आहे. जाणकार तर हर्ट यांना ब्लूजगायकही म्हणत नाहीत, ‘साँगस्टर’ म्हणतात. म्हणजे लोकांना हवं ते सगळं गाणारा : नाचाची गाणी, भजनं, खुनाच्या कथा. फ्रँकीने आपल्या प्रियकराला गोळी घातली, स्टॅगोलीने टोपीवरून खून केला. ही दोन्ही प्रकरणं १८९०च्या दशकातल्या सेंट लुईस शहरातली, खरोखर घडलेली. हर्ट ती शेजारी काल रात्री काय झालं ते सांगावं तितक्या हळू सांगतात. मला त्यातच धसका वाटतो. ओरडणाऱ्याची भीती जाते, हळू बोलणाऱ्याची राहते.

शहर त्यांना मानवलं नाही. १९६६ मध्ये ते मिसिसिपीला परतले, ग्रेनेडात घर केलं आणि २ नोव्हेंबर १९६६ला तिथेच गेले. शेवटच्या दिवसांत व्हॅनगार्ड कंपनीसाठी बरंच गायले होते. त्यातलं काही त्यांच्या मागे आलं. दफन ॲव्हलॉनला, सेंट जेम्स चर्चच्या कबरस्तानात, झाडीत. त्यांच्या नातीने त्यांचं तीन खोल्यांचं लाकडी घर वाचवून तिथे संग्रहालय केलं होतं. लोक जपानहून, युरोपातून येत, कच्च्या रस्त्यावर वाट चुकत, आणि पायरीवर बसून गिटार वाजवत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते घर जळून खाक झालं. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत त्याचं नाव नुकतंच लागलं होतं.

मी तिथे कधी गेलेलो नाही, आता जाऊन पाहायला घरही नाही. मागच्या आठवड्यात हे व्याख्यान लिहिताना मोबाइलवरच्या नकाशात ॲव्हलॉन शोधलं. आहे. ग्रीनवुड आणि ग्रेनेडा यांच्या मध्ये, छोटंसं टिंब.

व्यवस्थापकांनी मला गिटार आणायची परवानगी दिली आहे. माझा अंगठा अजूनही अधूनमधून बोटांचं ऐकतो, तेव्हा सांभाळून घ्या. पंखा तेवढा बंद करा, आवाज फार मोठा नाही.

(यानंतर वक्त्यांनी ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ गिटारवर वाजवून दाखवले.)